पॉइंट एक्केचाळीस

"कुठल्या मालासाठी?" बाबालालचाचांनी विचारलं.

मी फॉर्मवरची पेन्सिल थांबवली. भट्ट्यांशेजारच्या काचेच्या केबिनमध्ये आम्ही दोघं बसलो होतो. बाहेर वाळू चाळायचं यंत्र खडखडत होतं. पहिल्याच प्रश्नावर चाचा अडले होते.

"म्हणजे?"

"न्हाई, तुम्ही इचारताय माग काढता येणं म्हत्त्वाचं का नोंद पटकन होणं म्हत्त्वाचं. पर कुठल्या मालासाठी?"

"सगळ्याच, चाचा. एकंदरीत."

"एकंदरीत," ते म्हणाले. तो शब्द त्यांनी तोंडात जरा घोळवला आणि काचेतून बाहेर बघितलं. मग चष्मा पुसला आणि म्हणाले, "बरं. लिवा. माग काढता येणं. सात."

त्याला आता अकरा वर्षं झाली. मी संख्याशास्त्रात एम.एस्सी. करून नुकतीच बाहेर पडले होते आणि शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या मगदूम फाउंड्रीत सहा महिन्यांच्या बोलीवर लागले होते. काम एकच होतं. कारखान्याचा सगळा कारभार, म्हणजे ऑर्डरी, कच्चा माल, ओतकाम, तपासणी, पाठवणी, एका सॉफ्टवेअरमध्ये आणायचा होता. तीन कंपन्या आपापल्या फायली ठेवून गेल्या होत्या. निळी फाईल सगळ्यात मोठ्या कंपनीची, पिवळी पुण्याच्या एका मध्यम कंपनीची, हिरवी इचलकरंजीच्या दोन भावांची. तिन्हींपैकी एक निवडायचं.

घाईचं कारण वेगळं होतं. आमचं निम्मं काम पंपांच्या बॉड्यांचं, आणि ते सगळं एकाच गिऱ्हाइकाचं. त्यांचा तपासनीस दिवाळीआधी येऊन सांगून गेला होता की एक एप्रिलपासून कुठलंही कास्टिंग पुढे केलं की ते कुठल्या भट्टीच्या कुठल्या ओतातून, म्हणजे रसाच्या कुठल्या खेपेतून, आलं हे तासाभरात दाखवता आलं पाहिजे. नाही दाखवलं तर ऑर्डर बंद.

मालक पारिसअण्णा मगदूम यांना मी माझी पद्धत समजावली होती. पाच निकष: माग काढता येणं, नोंद पटकन होणं, किंमत, बिघडलं तर माणूस जवळ असणं आणि आपल्या कामाप्रमाणे त्यात बदल करून घेता येणं. कारखान्यातल्या पाच जाणत्या माणसांना दोन-दोन निकष समोरासमोर ठेवून विचारायचं, कुठला जास्त महत्त्वाचा आणि किती पट. एक म्हणजे दोन्ही सारखे, नऊ म्हणजे एकापुढे दुसरा काहीच नाही. माणसाला नेमका आकडा सांगता येत नाही, म्हणून प्रत्येक उत्तराला तीन रकाने: कमीत कमी, बहुधा, जास्तीत जास्त. ज्याची खात्री कमी त्याचा पट्टा रुंद. त्या सगळ्यातून निकषांची वजनं निघतात आणि त्या वजनांवर तिन्ही फायली तोलायच्या.

"म्हणजे भांडणच न्हाई," अण्णा खूश होऊन म्हणाले होते. "गणित सांगेल ते."

चाचांनी दहा प्रश्नांना पाऊण तास घेतला. बाकी चौघांनी दहा मिनिटांत फॉर्म दिले होते. चाचा प्रत्येक प्रश्न ऐकायचे, काचेतून बाहेर कुठेतरी बघायचे, मग उत्तर द्यायचे. नववीपर्यंत शिकलेला, चौतीस वर्षं भट्टीवर काढलेला माणूस, त्याला आकड्यांत बोलायची सवय नसणार, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

संध्याकाळी आकडे संगणकात घातले. या पद्धतीत एक तपासणी असते. तुम्ही म्हणालात आंबा फणसापेक्षा आवडतो आणि फणस केळ्यापेक्षा, तर केळं आंब्यापेक्षा आवडतं असं म्हणता येत नाही. असे गोंधळ किती, त्याचा एक आकडा निघतो. तो शून्य दशांश दहाच्या आत हवा. चौघांचे आत होते. चाचांचा आला शून्य दशांश एक्केचाळीस.

कॉलेजात शिकवलेलं होतं, असा फॉर्म बाजूला ठेवायचा. मी ठेवला. उरलेल्या चार फॉर्मांवर निळी फाईल पहिली आली.

शनिवारी अण्णांच्या केबिनमध्ये मी निकाल मांडला. प्रॉडक्शन मॅनेजर लिगाडे साहेब शेजारी बसले होते.

"पाच फॉर्म होते न्हवं?" अण्णांनी विचारलं.

"एक वगळला. उत्तरं एकमेकांशी जुळत नव्हती."

"कुणाची?"

तिथे मी गप्प बसायला हवं होतं. पण प्रश्न विचारला की अचूक उत्तर द्यायचं, एवढंच मला तेव्हा येत होतं.

"बाबालालचाचांची. पॉइंट दहाच्या आत हवा तिथे पॉइंट एक्केचाळीस."

लिगाडे मोठ्यानं हसले. "मी म्हणत नव्हतो, अण्णा? आता गणितानंच सांगितलं. चाचांचं वय झालं. माग म्हणतील, मग नोंद म्हणतील, मग तिसरंच."

अण्णा हसले नाहीत. त्यांनी टेबलावरचा कागद सरळ केला. चाचांना अठ्ठावन्न पूर्ण होऊन दोन वर्षं झाली होती. दर मार्चला अण्णा त्यांची मुदत एक वर्षानं वाढवायचे, हे कारखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं.

"यंदा नवं सॉफ्टवेअर येणार," अण्णा हळू म्हणाले. "सगळी घडी नवी बसणार. मग चाचांना मार्चनंतर घरी विश्रांती घेऊ दे. सन्मानानं करू या. काय लिगाडे?"

"मी तेच म्हणतो."

"आणि निळ्यावाल्यांना गुरुवारी बोलवा. दाखवू दे चालवून. पसंत पडलं तर तिथंच सही."

मी माझे कागद गोळा करून बाहेर आले. मी फक्त फॉर्म तपासला होता, असं स्वतःला दोनदा सांगितलं.

रविवारभर तो फॉर्म माझ्या डोक्यातून जाईना. आधी अपराधी वाटलं असं म्हणणं खोटं होईल. आधी कुतूहल वाटलं. डोळे मिटून कुणी कसेही आकडे भरले तर हा गोंधळाचा आकडा सरासरी एकच्या आसपास येतो. चाचांचा पॉइंट एक्केचाळीस होता. म्हणजे माणूस बरळत तर नक्कीच नव्हता.

मी फॉर्म पुन्हा काढला. दहापैकी सात उत्तरं एकमेकांशी नीट जुळत होती. सगळा घोळ उरलेल्या तिन्हींत होता. माग काढणं हे नोंदीपेक्षा सात पट महत्त्वाचं. नोंद पटकन होणं हे बदल करून घेण्यापेक्षा सात पट. आणि बदल करून घेता येणं हे माग काढण्यापेक्षा सात पट. स्वतःचंच शेपूट धरून बसलेलं मांजर. तिन्हींपैकी कुठलंही एक उत्तर झाकलं की आकडा धाडकन खाली यायचा.

आणखी एक गोष्ट तेव्हा प्रथमच दिसली. त्या तीन उत्तरांचे पट्टे सगळ्या फॉर्मांतले सर्वांत अरुंद होते. सहा, सात, आठ. लिगाडे साहेबांनी तर दोन ते नऊ असे ऐसपैस पट्टे दिले होते. गोंधळलेला माणूस पट्टा रुंद देतो. या माणसाला तिन्ही वेळा पक्की खात्री होती.

मी चाचांचा फॉर्म हिशेबात परत घातला. निळी फाईल खाली गेली, पिवळी वर आली.

मंगळवारी दुपारी मी भट्टीवर गेले. साचे रांगेत मांडून ठेवलेले होते. एका कामगारानं मला बघून दुसऱ्याला हाक दिली, "अरं, पॉइंट एक्केचाळीसला सांग, मॅडम आल्यात!" आणि तिघंचौघं खिदळले.

माझे पाय जागीच थांबले. लिगाडे साहेबांनी ते दोन दिवसांत कारखानाभर केलं होतं.

चाचा केबिनच्या दारात उभे होते. "या. बसा की. भ्यायलासा व्हय? नाव बरं हाय. आधीचं 'गरम बाबा' हुतं, त्याच्यापरीस हे शिकलेलं वाटतंय."

"चाचा, मी ते..."

"ऱ्हाऊ द्या. मार्चला घरी बसायचं हाय असं कानावर आलंय. आमची बायको म्हणती, तुमी घरी बसलासा तर मी भट्टीवर जाते." त्यांनी हसून बघितलं, पण हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. "काय काम काढलासा?"

मी फॉर्म टेबलावर ठेवला. "मला तीनच प्रश्न परत विचारायचेत. उत्तर नको. उत्तर देताना तुम्ही बाहेर कुठे बघत होता, ते सांगा."

त्यांनी मान तिरकी करून माझ्याकडे बघितलं. पहिल्यांदाच, मला वाटतं, नीट बघितलं.

"इचारा."

"माग की नोंद?"

त्यांनी काचेतून बोट दाखवलं. भिंतीशी पंपाच्या तयार बॉड्या उभ्या होत्या, कमरेएवढ्या. "त्या. दोन वर्सांनी एखादी चिरली की गिऱ्हाईक इचारतंय, हिच्याबरोबरच्या बाकीच्या कुठं हायत? तिथं माग पायजे. नोंदीला दहा मिंटं लागली तरी लागू देत. दिवसाला सा तर बॉड्या."

"नोंद की बदल?"

बोट उजवीकडे सरकलं. तिथे हातभर लांबीच्या ब्रॅकेटांचा ढीग होता. "त्ये. पाळीला चारशे. एकेकाला दहा मिंटं नोंदीला घालवली तर ओतायचं कवा? त्यात बदल कसला करताय? जसं हाय तसं चालतंय. फकस्त पटकन झालं पायजे."

"आणि बदल की माग? तिथे तुम्ही उलट सांगितलंत. मागापेक्षा बदल सात पट."

चाचांनी घड्याळ बघितलं. "थांबा पाच मिंटं. दाखवतोच."

बाहेर शिट्टी झाली. एक नंबरची भट्टी कलली, मग दोन नंबरची. दोन्हींतून लोखंडाचा रस दोन वेगळ्या लाडलांत, त्या लोखंडी बादल्यांत, पडला, आणि दोन्ही लाडलं क्रेननं एकाच मोठ्या साच्यावर समोरासमोर आली. चाचा केबिनमधून कधी निघाले मला कळलंच नाही. ते साच्यापाशी हात वर करून उभे होते. हात खाली आला. दोन्हीकडून रस एकदमच आत गेला. साच्याच्या चिमण्यांतून निळ्या ज्वाळा उठल्या. 

मग चाचांनी खिशातून खडू काढला आणि साच्याच्या लोखंडी चौकटीवर लिहिलं: २१८ / २१९.

"भट्टी साडेसातशे किलोची," परत येऊन कपाळ पुसत ते म्हणाले. "ही मोठी बॉडी बाराशेची. एका भट्टीत मावत न्हाई. दोन ओत, दोन नंबर. उरल्याला रस बारक्या बॉड्यांत जातुया. आता सांगा, तुमचं यंत्र असले दोन नंबर घेतंय का? न घेईना तर बदल करून घ्यायला पायजे. बदल व्हईत नसंल तर मागाला काय चाटायचंय? खोटा माग. त्यापरीस नसलेला बरा."

मी त्या खडूच्या आकड्यांकडे बघत राहिले. तीन प्रश्न, तीन वेगवेगळे ढीग. प्रत्येक उत्तर आपापल्या ढिगापुरतं बरोबर. आणि त्यांनी तर पहिल्याच मिनिटाला विचारलं होतं.

"चाचा, असं होतं तर फॉर्म भरतानाच का नाही सांगितलंत?"

"इचारलं की मी. तुम्ही म्हणालासा, एकंदरीत." ते खडू खिशात टाकत म्हणाले. "मला वाटलं शिकल्याली बाई हाय, तिला एकंदरीत मंजे काय ते ठावं असंल."

मी लगेच ऑफिसात गेले नाही. आधी रजिस्टर बघायला गेले. पाठवणीच्या रजिस्टरात ओताच्या नंबराला एकच रकाना होता. कारकून शेंडूरे खडूवरचे आकडे उतरवून घ्यायचे.

"दोन नंबर असले तर काय लिहिता?" मी विचारलं.

"पहिला," शेंडूरे म्हणाले. "रकाना एकच आहे की."

"आणि दुसरा?"

त्यांनी खांदे उडवले. "दुसरा चाचांच्या वहीत असतो म्हणे. कुणी विचारलं नाही कधी."

गुरुवारी निळ्या फायलीचे गृहस्थ आले. टायबिय लावून, भिंतीवर पडदा उजळून त्यांनी तासभर सुरेख दाखवलं. रंगीत आलेख, फोनवर येणारे निरोप, एका बोटात सगळा कारखाना. अण्णांच्या हातात पेन होतं. लिगाडे साहेब माना डोलवत होते.

"काही शंका?" गृहस्थांनी विचारलं.

"एक कास्टिंग नोंदवून दाखवाल?" मी म्हणाले. "मंगळवारची मोठी पंप बॉडी."

"आनंदानं." त्यांनी वजन घातलं, तारीख घातली. "ओत क्रमांक?"

"दोनशे अठरा आणि दोनशे एकोणीस."

त्यांनी पहिला घातला. दुसरा घालायला गेले तर रकाना लाल झाला. त्यांनी स्वल्पविराम देऊन बघितलं, तिरकी रेघ देऊन बघितलं. लालच.

"एकच घ्यावा लागेल," ते हसून म्हणाले. "त्याच्यावरच सगळी रचना उभी आहे. पण हरकत नाही, कुठलाही एक टाका."

"कुठला टाकू?" मी विचारलं.

"कुठलाही."

"अण्णा, चाचांना बोलवायचं का?" मी म्हणाले. "उत्तर त्यांनी द्यावं."

लिगाडे साहेब कुरकुरले, "मॅडम, त्यांचं गणितानं..." अण्णांनी हात वर केला आणि शिपायाला पाठवलं.

चाचा आले ते हात पुसतच, सोबत तेलकट कव्हराची वही. प्रश्न ऐकून त्यांनी पडद्यावरचा लाल रकाना बघितला.

"दोनशे अठराची परीक्षा चांगली आलीया," ते म्हणाले. "एकोणीसला गंधक वाईच जास्त हुतं. चालण्यातलं, पर जास्त. उद्या बॉडी चिरली आन तुमी एकटा अठरा दाखवला, तर गिऱ्हाईक अठराच्या सगळ्या चांगल्या बॉड्या परत धाडंल, आन एकोणीसच्या तिथंच चालू ठेवंल. ज्या काढायच्या त्याच राहत्याल."

अण्णांनी पेनाला टोपण लावलं.

"शेंडूरे," त्यांनी आवाज दिला, "आपण आजपर्यंत रजिस्टरात काय लिहीत होतो?"

"पहिला नंबर, अण्णा."

अण्णांनी डोळे मिटून घेतले. एक एप्रिलला तपासनीस आला असता तर त्याला कोणते कागद दाखवले असते, हे त्यांच्या कपाळावर दिसत होतं.

"अण्णा, चूक माझी आहे," मी म्हणाले. "आपण दोन प्रकारचं काम करतो, छोटं आणि मोठं. मी दोन्हींचा मिळून एक प्रश्न विचारला. चौघांनी कुठलंच काम डोळ्यासमोर न आणता उत्तर दिलं, म्हणून त्यांचे फॉर्म जुळले. चाचांनी प्रत्येक वेळी खरं काम बघून दिलं, म्हणून त्यांचा जुळला नाही. पॉइंट एक्केचाळीस हा माझ्या फॉर्मचा आकडा होता. मी तो त्यांच्या नावावर लावला."

"मग आता?" अण्णांनी विचारलं.

"दोन फॉर्म. छोट्या मालाचा वेगळा, मोठ्या मालाचा वेगळा. सगळ्यांनी पुन्हा भरायचे. भट्टीशेजारी उभं राहून."



शुक्रवारी ते झालं. चाचांचे दोन्ही फॉर्म मी सगळ्यांत शेवटी तपासले. छोट्या मालाचा शून्य दशांश शून्य पाच, मोठ्याचा शून्य सात. लिगाडे साहेबांचा मोठ्या मालाचा फॉर्म पॉइंट दहाच्या बाहेर गेला. तो आकडा मी कुणालाही सांगितला नाही. दोन्ही फॉर्मांची वजनं कामाच्या प्रमाणात एकत्र केली तेव्हा पिवळी फाईल पहिली आली. पण तेवढ्यावर अण्णांनी विश्वास ठेवला नाही, आणि मीही नाही. पुण्याच्या माणसांना बोलावून आधी २१८ आणि २१९ घालायला लावले. त्यांच्याकडेही रकाना एकच होता. फक्त ते पंधरा दिवसांत दुसरा करून देऊ म्हणाले आणि बाविसाव्या दिवशी दिला. तोवर चाचांची वही पुढ्यात घेऊन मी आणि शेंडूरेंनी मागच्या दोन वर्षांचे दुसरे नंबर भरून काढले.

मार्चच्या शेवटी अण्णांनी चाचांना केबिनमध्ये बोलावलं. बाहेर येताना त्यांच्या हातात मुदतवाढीचं पत्र होतं, या वेळी दोन वर्षांचं.

"झालो का पास?" त्यांनी मला विचारलं.

"नापास फॉर्म झाला होता, चाचा."

"त्ये जाऊन त्या पोरांना सांगा," त्यांनी भट्टीकडे मान हलवली. "न्हाईतर नका सांगू. नाव आता बसलंय अंगाला."

ते खरंच बसलं. निवृत्त होईपर्यंत त्यांना कारखान्यात कुणी दुसऱ्या नावानं हाक मारली नाही.

मी पुढे हेच काम करत राहिले, वेगवेगळ्या कारखान्यांत, एका साखर कारखान्यात, दोन दवाखान्यांत. मागच्या जूनमध्ये असाच एक फॉर्म तयार करत बसले होते, तेव्हा फोन वाजला.

"पॉइंट एक्केचाळीस बोलतोय," पलीकडून आवाज आला.

"चाचा! कसे आहात?"

"बरा हाय. काम हुतं. नातीच्या कालेजाचं बघायचंय. तीन कालेजं हायत. एक लांब हाय पर नाव मोठं, एक जवळ, एकाला बसच न्हाई. घरात भांडणं लागल्याती. तुमचा त्यो फॉर्म धाडा की. कमीत कमी, बहुधा, त्यो."

मी वही ओढून घेतली. आणि लिहायच्या आधी थांबले. चाचांना जुळ्या नाती होत्या, हे मला आठवलं. एकीच्या हातात कायम पुस्तक, दुसरी झाडावरून उतरायला तयार नसायची.

"कुठल्या नातीसाठी, चाचा?"

पलीकडून खोकल्यासारखं हसू ऐकू आलं.

"दोघींसाठी," चाचा म्हणाले. "एकंदरीत."